मोटारीला माफी, बसला भाडेवाढ

१४ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मुंबईत शिरणाऱ्या हलक्या वाहनांचा टोल माफ केला. वाशी, ऐरोली, दहिसर आणि मुलुंडचे दोन, असे पाचही नाके त्या मध्यरात्रीपासून मोटारींसाठी मोकळे झाले. विधानसभा निवडणुकीची घोषणा दुसऱ्याच दिवशी व्हायची होती, त्यामुळे निर्णयाच्या मुहूर्तावर वेगळं भाष्य करायची गरज नाही. मोटारवाल्याचे एका खेपेमागे पंचेचाळीस रुपये वाचले, ठेकेदाराच्या नुकसानीची जबाबदारी सरकारने घेतली.

त्यानंतर सात महिन्यांनी, ९ मे २०२५ पासून, महापालिकेच्या बेस्ट उपक्रमाच्या साध्या बसचं किमान भाडं पाच रुपयांवरून दहा झालं आणि वातानुकूलित बसचं सहावरून बारा. कुर्ला स्टेशनवरून बीकेसीत साफसफाईच्या कामाला जाणारी बाई, अंधेरीहून सीप्झला जाणारा मदतनीस, परळच्या रुग्णालयात नातेवाइकाचा डबा घेऊन जाणारा माणूस यांच्या रोजच्या खर्चात या निर्णयाने दहा-वीस रुपयांची भर घातली. या वेळी नुकसानीची जबाबदारी घ्यायला कोणी पुढे आलं नाही.

दोन्ही निर्णय वेगवेगळ्या कार्यालयांतून निघाले आणि त्यांचा एकमेकांशी संबंध आहे, असं कोणत्याही टिपणीत लिहिलेलं नसणार. अडचण नेमकी तिथेच आहे. सरकारी कागदपत्रांत हवामान बदल हा पर्यावरण विभागाचा विषय असतो. टोल, भाडं, कर, पूल आणि बोगदे यांचे निर्णय दुसरीकडे होतात, आणि शहरातला माणूस कशाने प्रवास करणार हे त्या दुसरीकडच्या निर्णयांनी ठरतं.

मुंबईकडे हवामान कृती आराखडा आहे. १३ मार्च २०२२ रोजी तो प्रसिद्ध झाला आणि २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं उद्दिष्ट त्यात ठेवलं गेलं. देशाने स्वतःला २०७० ची मुदत दिली असताना मुंबईने वीस वर्षं आधीची तारीख घेतली, याचं कौतुक झालं आणि ते रास्तही होतं. आराखड्यातली मोजदाद स्वच्छ आहे. २०१९ मध्ये शहराचं उत्सर्जन सुमारे २ कोटी ३४ लाख टन होतं. त्यातला ७१ टक्के वाटा ऊर्जेचा, २० टक्के वाहतुकीचा आणि उरलेला कचऱ्याचा. वाहतुकीवरचा उपाय म्हणून सार्वजनिक वाहतूक वाढवणं आणि बस विजेवर आणणं सांगितलेलं आहे. त्यावर वाद घालावा असं काही नाही.

तारखेत मात्र एक गंमत दडली आहे. मुंबई महापालिकेच्या लोकनियुक्त सभागृहाची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली. आराखडा आला तेव्हा त्याला आठवडाही झाला नव्हता. त्यानंतर २०२६ च्या जानेवारीत निवडणूक होईपर्यंत, म्हणजे जवळपास चार वर्षं, देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेचा कारभार प्रशासकाच्या हाती होता. आराखड्याचं काय झालं, असं विचारायला सभागृहात नगरसेवकच नव्हता. नगरसेवक असते तर त्यांनी हेच विचारलं असतं अशी खात्री देता येत नाही, पण विचारण्याची जागा तरी असती. या चार वर्षांत एकामागून एक मोठे प्रकल्प मार्गी लागले आणि बेस्टचा ताफा आटत गेला.

२०१० च्या सुमारास बेस्टकडे साडेचार हजारांच्या आसपास बस होत्या. २०२५ मध्ये हा आकडा तीन हजारांच्या खाली आला होता, आणि त्यात बेस्टच्या स्वतःच्या मालकीच्या गाड्या पाचशेही नव्हत्या. बाकीच्या भाडेतत्त्वावरच्या. गाडी कंत्राटदाराची, चालक कंत्राटदाराचा आणि बेस्ट त्याला किलोमीटरमागे पैसे देणार, अशी ही रचना. ती आणली गेली तेव्हा कामगार संघटनांची समजूत काढण्यासाठी जून २०१९ मध्ये लेखी करार झाला होता. बेस्टचा स्वतःचा ताफा ३,३३७ गाड्यांच्या खाली जाऊ देणार नाही, असं त्यात म्हटलं होतं. आज त्या आकड्याचा सातवा हिस्साही उरलेला नाही. दरम्यान ताफा दहा हजारांवर नेऊ, तोही विजेवरच्या गाड्यांचा, अशी घोषणाही होऊन गेली.

कंत्राटाचं गणित कागदावर गोड दिसलं, कारण बेस्टच्या चालकाचा पगार आणि निवृत्तिवेतनाचा भार त्यात नव्हता. प्रत्यक्षात काही कंत्राटदारांना ते परवडेना आणि त्यांनी मध्येच अंग काढून घेतलं. गाड्या आगारात उभ्या राहिल्या, मार्ग बंद पडले. ऑगस्ट २०२३ मध्ये कंत्राटी चालकांनी पगारासाठी संप केला तेव्हा शहराची बससेवा आठवडाभर विस्कळीत होती. डिसेंबर २०२४ मध्ये कुर्ल्यात विजेवरची भाडेतत्त्वावरची बस गर्दीत घुसली आणि अनेकांचा जीव गेला. अशी मोठी, गिअर नसलेली गाडी चालवण्याचा पुरेसा सराव चालकाला नव्हता, असं तपासात पुढे आलं. हवामानाच्या हिशेबात ती बस ‘शून्य उत्सर्जन’ या रकान्यात बसली होती. गाडी डिझेलची आहे की विजेची, एवढंच पाहिलं की चालकाचं प्रशिक्षण, त्याचा पगार आणि गाडीची देखभाल हे सगळं नजरेआड होतं.

बेस्ट तोट्यात आहे, हे उत्तर तयार असतं आणि ते खोटं नाही. पण हा तोटा कसा साचला तेही पाहायला हवं. बेस्टचे व्यवसाय दोन, शहर भागाला वीज पुरवणं आणि बस चालवणं. विजेच्या नफ्यातून बसची तूट भरून काढण्याची जुनी पद्धत होती. नव्या वीज कायद्याच्या चौकटीत वीजग्राहकाच्या बिलातून बसचा खर्च वसूल करण्याची ती वाट पुढे बंद झाली. वीजग्राहकाच्या बाजूने पाहिलं तर ते न्याय्यही होतं. तेव्हाच बसचा खर्च महापालिकेच्या मुख्य अंदाजपत्रकात घ्यायला हवा होता, जसा दिवाबत्तीचा, रस्त्यांचा आणि उद्यानांचा असतो. तसं झालं नाही. दरवर्षी बेस्टने पालिकेच्या दारात जायचं आणि पालिकेने कधी कर्ज, कधी अनुदान असा हात ढिला करायचा, हा रिवाज पडला. निवृत्त कर्मचाऱ्यांना हक्काच्या उपदानासाठी वर्षानुवर्षं खेपा घालाव्या लागल्या, त्याचं मूळ इथे आहे.

२०२५-२६ च्या महापालिका अंदाजपत्रकाचा आकार ७४,४२७ कोटी रुपये होता. त्यात बेस्टला १,००० कोटी मिळाले. गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता या एकाच प्रकल्पाला त्या वर्षी सुमारे १,९५८ कोटी दिले गेले. जोडरस्ता नको असं कोणी म्हणणार नाही; पूर्व-पश्चिम जाण्यासाठी जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्यावर ज्यांनी तास घालवले आहेत त्यांना त्याची किंमत कळते. पण एका रस्त्याला एका वर्षात जेवढं मिळतं त्याच्या जवळपास निम्म्यात, रोज वीस लाखांहून जास्त लोकांची ने-आण करणाऱ्या यंत्रणेला भागवावं लागतं, आणि तेही उपकार म्हणून.

सागरी किनारा रस्त्याचा हिशेब तर याहून बोलका आहे. प्रिन्सेस स्ट्रीट पुलापासून वरळीपर्यंत साडेदहा किलोमीटर, खर्च तेरा-चौदा हजार कोटींच्या घरात, समुद्रात भराव १११ हेक्टर. मार्च २०२४ मध्ये त्याचा पहिला टप्पा खुला झाला. प्रवासाचा वेळ ७० टक्के आणि इंधन ३४ टक्के वाचणार, हे पालिकेचं आवडतं वाक्य. त्या रस्त्यावर दुचाकी आणि रिक्षाला मज्जाव आहे, टोल नाही. रस्त्याच्या मूळ आराखड्यात बससाठी स्वतंत्र मार्गिकेची कल्पना होती. समुद्र भरण्याच्या समर्थनात तिचा आधार घेतला गेला. रस्ता सुरू झाला तेव्हा ती मार्गिका कुठेच नव्हती. जुलै २०२४ मध्ये बेस्टने त्यावरून एक वातानुकूलित बसमार्ग सुरू केला, नरिमन पॉइंट ते भायखळा. एवढ्या मोठ्या रस्त्याच्या मानाने हे म्हणजे जेवणावळीत ताटाबाहेर वाढलेली चटणी.

विजेवरच्या बारा मीटर लांबीच्या बसची किंमत दीड कोटी धरली, तर त्या रस्त्याच्या पैशात नऊ हजार बस आल्या असत्या. ही तुलना थोडी अन्यायाची आहे, हे आधीच मान्य केलेलं बरं. रस्ता पन्नास वर्षं टिकतो, बस बारा वर्षांत भंगारात जाते आणि तिला रोज चालक, वाहक, वीज लागते. तरीही वजाबाकी केल्यावर जे उरतं ते मोठं आहे. घोषणेतला दहा हजार गाड्यांचा ताफा पैशाअभावी अशक्य होता, हा युक्तिवाद या आकड्यापुढे टिकत नाही. पैसा होता. एके काळी पालिकेच्या मुदतठेवी नव्वद हजार कोटींच्या वर गेल्या होत्या.

नवा रस्ता झाला की गर्दी ओसरते, या समजुतीचा प्रयोग मुंबईने एकदा करून पाहिला आहे. १९९५ नंतर युतीच्या सरकारात नितीन गडकरी सार्वजनिक बांधकाममंत्री असताना पन्नासहून अधिक उड्डाणपुलांचा कार्यक्रम हाती घेतला गेला. पूल वेगाने झाले, महाराष्ट्राने त्याचं कौतुक केलं. मग मोटारी वाढल्या, पुलांवर रांगा लागल्या आणि पुलाच्या टोकाला दुसरा पूल हवा झाला. मुंबईच्या वेशीवरचे ते पाच टोलनाके याच पुलांचा खर्च काढण्यासाठी बसवले होते. टोल जाण्याचा आनंद मोटारवाल्यांना झाला, पण त्या टोलमध्ये गर्दीवर अंकुश ठेवण्याची ताकद होती. तिचा वापर कोणी केलाच नाही. लंडनने २००३ पासून, आणि सिंगापूरने त्याच्याही कितीतरी आधी, शहराच्या गजबजलेल्या भागात शिरणाऱ्या मोटारीकडून शुल्क घ्यायला सुरुवात केली. लंडनमध्ये तो पैसा वाहतुकीवर, मुख्यतः बसवर गेला. मुंबईत वसुलीची व्यवस्था आयती उभी होती. ती मोटारींपुरती मोडली, आणि पर्यायी उत्पन्न सुचवायचं सोडून बसचं तिकीट वाढवलं.

याच काळातला आणखी एक निर्णय फारसा चर्चेत राहिला नाही. मार्च २०२५ च्या राज्य अर्थसंकल्पात तत्कालीन अर्थमंत्री अजित पवार यांनी तीस लाख रुपयांहून महाग असलेल्या विजेवरच्या मोटारींना ६ टक्के कर लावायचं सुचवलं होतं. महिना संपायच्या आत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो मागे घेतल्याचं विधान परिषदेत सांगितलं. पर्यावरणाचं कारण पुढे केलं गेलं. त्याच वर्षी जानेवारीत एसटीचं भाडं जवळपास १५ टक्क्यांनी वाढलं होतं, फेब्रुवारीत रिक्षा-टॅक्सीचं मीटर वाढलं आणि मे महिन्यात बेस्टचं तिकीट. चाळीस लाखांच्या गाडीला पर्यावरणाच्या नावाने सूट मिळते आणि चाळीस माणसं नेणाऱ्या गाडीला ती मिळत नाही. या धोरणाला हरित म्हणायला धाडस लागतं.

परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी २०२५ मध्ये एक चांगली कल्पना मांडली होती: पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय नव्या मोटारीची नोंदणी नको. टोकियोत हा नियम कित्येक दशकं आहे. पण ज्या सरकारने मोटारीसाठी टोल काढला, समुद्रात रस्ता टाकला आणि कर मागे घेतला, त्याच सरकारच्या मंत्र्याने मोटार घेणाऱ्याला अडवायचं म्हटलं, तर लोकांनी कोणाचं ऐकायचं? एका विभागाचा उजवा हात काय करतो ते दुसऱ्याच्या डाव्याला ठाऊक नसावं, अशी व्यवस्था करून ठेवली आहे.

सरकारच्या बाजूची मोठी जमेची गोष्ट मेट्रो आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. कुलाबा ते आरे ही साडेतेहतीस किलोमीटरची भुयारी तीन क्रमांकाची मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण खुली झाली. खर्च सदतीस हजार कोटींच्या पुढे गेला, आरेच्या झाडांवरून शहर दुभंगलं, तरी ती मार्गिका उपयोगाची आहे यात शंका नाही. पण मेट्रो स्टेशनपासून घरापर्यंत माणूस उडत जात नाही. शेवटच्या दोन किलोमीटरला बस लागते. बस नसेल तर तो शेअर रिक्षात कोंबला जातो, किंवा हप्त्याने दुचाकी घेतो, आणि एकदा दुचाकी दारात आली की मेट्रोचं तिकीट महाग वाटू लागतं. सदतीस हजार कोटींच्या गुंतवणुकीचा उपयोग शेवटी दहा रुपयांच्या बसवर अवलंबून आहे, हे मंत्रालयात कोणाच्या लक्षात येत नसेल असं नाही. पण बसच्या उद्घाटनाला फीत एकदाच कापता येते, आणि तीही फार लांब नसते.

आक्षेप घेता येईल की उत्सर्जनाचा मोठा वाटा विजेचा आहे. वीस टक्क्यांच्या वाहतुकीवर, त्यातही बसवर, एवढा जीव का आटवायचा? प्रश्न योग्य आहे. विजेच्या बाबतीत चित्र याहून निराळं नाही. मुंबईची बरीचशी वीज कोळशाची आहे आणि ट्रॉम्बे, डहाणूची केंद्रं मागणीचं कारण देऊन चालूच ठेवली गेली आहेत. माहुल-चेंबूरच्या रहिवाशांना त्याचा अर्थ आराखडा न वाचता कळतो. राज्य पातळीवर महावितरणने सप्टेंबर २०२४ मध्ये ६,६०० मेगावॉट विजेचं मोठं कंत्राट अदानी समूहाला देऊ केलं. त्यात ५,००० मेगावॉट सौर आणि १,६०० मेगावॉट औष्णिक, दोन्ही एकाच निविदेत बांधलेले. सूर्यप्रकाशाची जाहिरात आणि कोळशाची दशकांची हमी एकाच गाठोड्यात आली. नागपूरजवळ कोराडीत ६६० मेगावॉटचे आणखी दोन संच उभारण्याचा निर्णयही याच काळातला.

फरक एवढाच की वीज कोणाकडून, किती वर्षांसाठी घ्यायची हे मुंबई महापालिका ठरवत नाही. त्यात राज्य आहे, केंद्र आहे, नियामक आयोग आहे, कंपन्या आहेत. बस मात्र मुख्यतः महापालिकेच्या हातातली गोष्ट. आगारं तिची, रस्ते तिचे, अंदाजपत्रक तिचं. स्वतःच्या हातातलं जे करत नाही त्याच्या २०५० च्या वचनावर विश्वास कसा ठेवायचा, हा साधा व्यवहार आहे. जून २०२४ मध्ये पालिकेने देशातल्या शहरांमध्ये प्रथमच स्वतंत्र ‘हवामान अर्थसंकल्प’ अहवाल काढला आणि दहा हजार कोटींहून अधिक खर्च हवामानाशी निगडित असल्याचं दाखवलं. पण असा अहवाल केवळ चांगल्या खर्चाची बेरीज करत असेल आणि मोटारींना प्रोत्साहन देणाऱ्या खर्चाची वजाबाकी करत नसेल, तर त्याला जमाखर्च म्हणता येत नाही.

मुंबईला पावसाची आठवण करून द्यावी लागत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. २६ मे २०२५ रोजी मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला. इतक्या लवकर तो कधी आल्याची नोंद नव्हती. त्या सकाळी वरळीचं आचार्य अत्रे चौक हे नवं भुयारी स्थानक पाण्यात गेलं. असं असताना वर्सोवा ते भाईंदर या पुढच्या किनारी रस्त्यासाठी पंचेचाळीस हजारांहून अधिक तिवरं बाधित होणार असल्याचं पालिकेनेच मुंबई उच्च न्यायालयात सांगितलं. भरतीचं पाणी अडवणारी झाडं काढायची आणि मग पाणी उपसायला पंप बसवायचे, दोन्ही कामांची निविदा निघते.

हा रोग एकट्या मुंबईचा नाही. पुण्याने २००६ मध्ये स्वारगेट-कात्रज-हडपसर मार्गावर देशात पहिल्यांदा बीआरटीचा, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकेचा, प्रयोग केला. पुढे नगर रस्त्यावरची बीआरटी मोटारींना जागा हवी म्हणून उखडून टाकली गेली. पवनार ते पत्रादेवी या ८०२ किलोमीटरच्या शक्तिपीठ महामार्गासाठी जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने वीस हजार कोटींहून अधिक रकमेला मंजुरी दिली. कोल्हापूरपासून नांदेडपर्यंतचे शेतकरी त्याविरोधात रस्त्यावर होते. ज्या गावांतून तो जाणार तिथल्या मुलींना तालुक्याच्या महाविद्यालयात जायला एसटी वेळेवर येत नाही, ही तक्रार मात्र जुनी झाली म्हणून कोणी ऐकत नाही.

आणि गंमत अशी की या राज्याचा अलीकडचा सर्वांत परिणामकारक हवामान निर्णय हवामानाच्या नावाने आलाच नव्हता. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवास सुरू झाला आणि बायकांनी गाड्या भरून टाकल्या. बेस्टचा अनुभवही असाच. जुलै २०१९ मध्ये किमान भाडं आठवरून पाच रुपयांवर आणलं तेव्हा प्रवासी लाखांनी परतले होते. भाडं कमी झालं की माणूस बसमध्ये चढतो, वाढलं की उतरतो, आणि गाडी वेळेवर येत नसेल तर फुकट दिली तरी चढत नाही. यासाठी आंतरराष्ट्रीय सल्लागार नेमावा लागत नाही.

१५ जुलै १९२६ रोजी मुंबईत पहिली बस धावली, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. शताब्दीच्या वर्षात आलेल्या नव्या सभागृहाला चार गोष्टी लगेच करता येतील. बेस्टचा वार्षिक खर्च पालिकेच्या मुख्य अंदाजपत्रकात घ्यावा. २०१९ च्या करारातला ३,३३७ गाड्यांचा शब्द पाळण्यासाठी वर्षवार खरेदीचा तक्ता मांडावा. किनारा रस्त्यावर बससाठी जी मार्गिका कागदावर होती ती रंगवून द्यावी. त्याला फार तर काही बादल्या रंग आणि दोन वाहतूक हवालदार लागतील. आणि रस्त्याकडेला दिवसभर फुकट उभ्या असलेल्या मोटारींकडून जागेचं भाडं घेऊन तो पैसा थेट आगारांना द्यावा. चौथी गोष्ट मांडणारा नगरसेवक पुढच्या निवडणुकीत पडेल, अशी भीती सगळ्याच पक्षांना वाटते. थांब्यावर उभ्या असलेल्यांची मतं किती, याची मोजणी अजून एकाही पक्षाने केलेली दिसत नाही.